चिनी अक्षर वाचायला नुसती नजर पुरत नाही

माझी मुलगी साडेपाच वर्षांची असताना हाँगकाँगमधल्या एका मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर, एका शिकवणी केंद्राच्या काचेच्या खोलीत तिची ‘व्हिज्युअल पर्सेप्शन’ची चाचणी झाली. समोर एक जाड वही. प्रत्येक पानावर पाच आकृत्या, त्यातल्या चार एकसारख्या आणि एक किंचित वळवलेली. वेगळी कुठली, ते बोट ठेवून दाखवायचं. पुढच्या भागात एक आकृती काही सेकंद दाखवून पान उलटायचं आणि पाचांतून नेमकी तीच हुडकायची. पहिली दहा-बारा पानं तिने उत्साहाने केली. मग ती खुर्चीत उलटी बसली, मग टेबलाखाली गेलेली पेन्सिल शोधायला लागली. आठवडाभराने अहवाल हातात आला. त्यात रंगीत पट्ट्या होत्या आणि ‘दृश्य स्मृती’ची पट्टी लाल होती. तिथल्या बाईंनी शांतपणे समजावून सांगितलं, की चिनी लिपी ही आकारांची लिपी आहे, ती डोळ्यांनी वाचतात, आणि डोळ्याला आकार पकडता येत नसतील तर पुढे पहिली-दुसरीत मूल मागे पडतं. उपाय म्हणजे चोवीस तासिकांचा वर्ग.

आम्ही पहिल्या आठ तासिकांचे पैसे भरले. पोरीच्या शाळेचा प्रश्न होता आणि समोरच्या माणसाच्या बोलण्यात खात्री होती. त्या आठ तासिकांत तिने भुलभुलैयातून वाटा काढल्या, दोन चित्रांतले फरक शोधले, पंचवीस चौकोनांत विखुरलेले आकडे एकापासून क्रमाने बोट ठेवून मोजले. त्या आकड्यांच्या खेळात ती खरंच तरबेज झाली. शाळेतलं दर आठवड्याचं श्रुतलेखन मात्र होतं तिथेच राहिलं.

एका मुलीच्या अनुभवावरून कुणी सिद्धांत मांडू नये, मीही मांडत नाही. पण त्या लाल पट्टीने मला या विषयात ओढलं. गेली काही वर्षं मिळेल ते वाचते आहे, शिक्षकांशी बोलते आहे. त्यातून एक मत पक्कं झालंय. चिनी वाचनात दृश्य आकलनाचा वाटा आहे, हे खरं. पण तो वाटा म्हणजेच वाचनाचं मूळ, असं धरून लहान मुलांना आकृत्यांच्या कवायतीला बसवणं चूक आहे. त्यात पैसा जातो, आणि त्याहून वाईट म्हणजे पाच-सहा वर्षांच्या मुलाचे भाषा कमावायचे तास जातात.

दृश्य आकलन म्हणजे चष्म्याचा नंबर नव्हे, हे आधीच सांगायला हवं. डोळा नीट पाहतो, पण पाहिलेल्याचं मेंदू काय करतो, हा प्रश्न आहे. दोन आकारांतला फरक कळणं, आकार लक्षात राहणं, गर्दीतून एक आकार वेगळा काढणं, उलटा-सुलटा झाला तरी ओळखणं, हे सगळं त्या एका नावाखाली येतं.

आता या समजुतीत खरं काय आहे ते पाहू, कारण ती हवेतून आलेली नाही. चिनी अक्षरांचा पसारा पाहिला की कुणालाही तेच वाटेल. हाँगकाँगच्या शिक्षण विभागाने २००७ साली प्राथमिक शाळेसाठी जी शब्दयादी काढली, तिच्यात ३,१७१ अक्षरं आहेत. चीनच्या मुख्य भूमीवर पहिली-दुसरी मिळून साधारण १,६०० अक्षरं ओळखता यावीत आणि त्यातली ८०० लिहिता यावीत, सहावी संपेपर्यंत ३,००० ओळखता यावीत, अशी अपेक्षा असते. त्यातही हाँगकाँगची तऱ्हा निराळी. बीजिंगच्या मुलाला अक्षराच्या डोक्यावर रोमन लिपीतलं फिनयिन मिळतं. ती पद्धत १९५८ पासून चालू आहे. तैवानच्या मुलाला शाळेत गेल्यावर पहिले दहा आठवडे झूयिन ही उच्चारांची चिन्हं शिकवतात, अक्षरं मागाहून. हाँगकाँगच्या मुलाला यातलं काहीच नाही. तीन-साडेतीन वर्षांचं मूल बालवाडीत जातं, बाई अक्षराचं कार्ड दाखवतात, उच्चार सांगतात, मूल म्हणतं. पाहा आणि म्हणा. हाँगकाँगमध्ये बोलली जाणारी कॅन्टोनीज रोमन लिपीत लिहायची ज्युतफिंग पद्धत १९९३ पासून आहे, पण बहुतेक शाळा मुलांना ती शिकवत नाहीत. शिवाय इथली अक्षरं जुन्या, पूर्ण वळणाची. ‘घोडा’ लिहायला मुख्य भूमीवर तीन रेघा पुरतात, इथे दहा लागतात.

अशा ठिकाणी नजरेवर भार पडणारच. हुआंग आणि हॅन्ली या दोघांनी १९९५ साली ब्रिटन, तैवान आणि हाँगकाँगमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. ब्रिटनमधल्या मुलांचं वाचन शब्दातले आवाज सुटे करण्याच्या क्षमतेशी जास्त जोडलेलं निघालं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये दृश्य कौशल्यांशी वाचनाचा स्पष्ट संबंध दिसला. त्याच्याही आधी, १९७१ साली, फिलाडेल्फियातल्या एका प्रयोगाने मोठी खळबळ उडवली होती. इंग्रजी वाचायला न जमणाऱ्या दुसरीतल्या मुलांना ३० चिनी अक्षरं इंग्रजी अर्थांसह शिकवली आणि काही तासांत ती मुलं त्या अक्षरांतली वाक्यं वाचू लागली. लोकांनी त्यावरून निष्कर्ष काढला, की चिनी लिपी आवाजाला वळसा घालून थेट डोळ्यातून अर्थाकडे जाते. चिनी अक्षरंही वापरणाऱ्या जपानमध्ये वाचनदोष असणारी मुलं एक टक्कासुद्धा नाहीत, असं १९६८ साली छापून आलेलं होतंच. त्यामुळे या लिप्यांत डिस्लेक्सिया नसतोच, असंही बरीच वर्षं मानलं गेलं. १९८२ मध्ये हॅरॉल्ड स्टीव्हन्सन आणि सहकाऱ्यांनी जपान, तैवान आणि अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांना सारख्या तोलाच्या वाचन-चाचण्या दिल्या, तेव्हा ती कल्पना मोडली. वाचायला अडखळणारी मुलं तिन्हीकडे सापडली.

पण ३० अक्षरं म्हणजे चिनी नव्हे. तीस चित्रं कुणालाही पाठ होतात. खरी परीक्षा तीनशेच्या पुढे सुरू होते, आणि तिथे डोळ्याची पाठांतरशक्ती एकटी टिकत नाही. का टिकत नाही, हे कळायला अक्षर आतून पाहावं लागतं.

‘छिंग’ असा उच्चार असलेलं एक अक्षर आहे, आठ रेघांचं, अर्थ हिरवा-निळा. त्याच्या डावीकडे पाण्याचे तीन थेंब काढले की दुसरं अक्षर होतं, उच्चार छिंग, अर्थ स्वच्छ, नितळ. थेंबांऐवजी हृदयाचं चिन्ह आलं की भावना. बोलण्याचं चिन्ह आलं की ‘कृपया’, ‘या, बसा’ म्हणतानाचं अक्षर. किड्याचं चिन्ह आलं की चतुर, तो पावसाळ्यात गवतावर घिरट्या घालतो ना, तो. सूर्याचं चिन्ह आलं की उघडीप, लख्ख ऊन. या सगळ्यांचा उच्चार छिंग, फक्त सूर चढता-उतरता. डावा तुकडा अर्थाकडे बोट दाखवतो, उजवा आवाजाकडे. बीजिंगच्या प्राथमिक शाळांत शिकवली जाणारी २,५७० अक्षरं शू हुआ आणि सहकाऱ्यांनी तपासली, २००३ साली छापली. त्यातली सत्तर टक्क्यांहून अधिक अशीच, अर्थ आणि आवाज यांच्या जोडणीची निघाली. म्हणजे चिनी अक्षर हे बहुतेक वेळा चित्र नसतंच. तो जोडशब्दासारखा प्रकार आहे, आणि त्याच्या पोटात आवाज आहे.

आवाजाची ही खूण अचूक नसते, हेही खरं. सूर्याच्या जागी डोळ्याचं चिन्ह आलं की अक्षर होतं बुबुळाचं, आणि कॅन्टोनीजमध्ये त्याचा उच्चार जिंग होतो. कुत्र्याचं चिन्ह आलं की अर्थ होतो ‘अंदाज करणं’, आणि उच्चार एकदम छाय. सूर सोडून दिला तरी खूण तंतोतंत लागू पडते अशी अक्षरं दहापैकी चारच्या आसपास. तरीही ज्या मुलाला ही रचना उमगली त्याचं काम निम्म्याने हलकं होतं. नवं अक्षर दिसलं की ते आधी ओळखीचे तुकडे पाहतं.

आता ऊन आणि बुबुळ ही दोन अक्षरं शेजारी ठेवा. एक बारा रेघांचं, दुसरं तेरा. फरक कुठे, तर डावीकडच्या चौकटीत एक आडवी रेघ जास्त. सूर्याच्या पोटात एक रेघ, डोळ्याच्या पोटात दोन. हाँगकाँगमधली यच्चयावत मुलं या जोडीत एकदा तरी फसतात. माझीही फसली. आकृत्यांच्या वर्गाचं म्हणणं असं, की इथे डोळा कमी पडला. नजर तीक्ष्ण केली की ती जादा रेघ दिसेल. पण तिला रेघ दिसत होती! विचारलं तर ती बोट ठेवून दाखवायची, ‘इथे एक, इथे दोन.’ लिहिताना कुठली कुठे, हे तिला ठरवता येत नव्हतं. कारण डावीकडचा तुकडा म्हणजे सूर्य किंवा डोळा आहे, तो रेघांचा नुसता ढीग नाही, हे तिला कुणी सांगितलेलंच नव्हतं. आम्ही सांगितलं नाही, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. शाळेत चाळीस कार्डं दाखवायची घाई होती. ते कळल्यावर प्रश्न डोळ्याचा उरला नाही.

संशोधक या दोन गोष्टी वेगळ्या मोजतात आणि मला वाटतं सगळा वाद या फरकात आहे. एक म्हणजे कुठलाही आकार पाहण्याची कच्ची क्षमता. दुसरं म्हणजे अक्षरांच्या घडणीचं ज्ञान: कुठला तुकडा डावीकडेच येतो, गवताचं चिन्ह डोक्यावरच बसतं, तीन थेंब उजवीकडे कधीच जात नाहीत. हे ज्ञान आकृत्यांतून येत नाही. ते अक्षरांतूनच येतं, अक्षरं वाचून आणि लिहून. हाँगकाँग विद्यापीठातल्या कॉनी हो आणि सहकाऱ्यांनी २००४ साली वाचनदोष असलेल्या १४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यात सगळ्यात जास्त आढळलेली अडचण होती ओळखीच्या गोष्टींची नावं झरझर घेता न येणं, आणि त्याखालोखाल अक्षरांच्या घडणीचं ज्ञान कच्चं असणं. नुसत्या दृश्य आकलनाची अडचण असलेली मुलंही होती, पण ती मागे. त्याच्याही आधी, १९९७ साली, त्याच हो यांनी पीटर ब्रायंट यांच्यासोबत दाखवलं होतं, की वाचायला लागण्यापूर्वी आवाजांची जाण बरी असलेली हाँगकाँगची मुलं दोन-तीन वर्षांनी चिनीही चांगलं वाचतात. जिथे उच्चाराची चिन्हं शिकवतच नाहीत, त्या गावातसुद्धा!

मग चाचणीत दृश्य गुण जास्त असलेली मुलं वाचनातही पुढे दिसतात, त्याचं काय? संबंध दिसतो, नाकारायचं कारण नाही. प्रश्न आहे, कशामुळे काय होतं. गावात छत्र्या दिसल्या म्हणून पाऊस पडत नाही.

कॅथरिन मॅकब्राइड-चँग आणि इतर संशोधकांनी २०११ साली हाँगकाँग, कोरिया, इस्रायल आणि स्पेनमधल्या बालवाडीच्या वयाच्या मुलांना अशाच आकृत्यांची चाचणी दिली. पाचांतली वळवलेली ओळखा, हीच. हाँगकाँग आणि कोरियाची मुलं इतर दोघांपेक्षा स्पष्ट पुढे निघाली. ती उपजतच नजरेची तेज, असं म्हणता येईल का? लेखकांनी शीर्षकातच उलटा प्रश्न विचारला: ही क्षमता वाचायला शिकण्याचा परिणाम तर नव्हे? तीन वर्षांपासून चौकोनांत बसवलेली गुंतागुंतीची अक्षरं रोज गिरवणाऱ्या मुलाची नजर घडणारच. तालमीत जाणाऱ्याचे दंड भरतात. दंड भरलेले होते म्हणून तो तालमीत गेला, असं आपण म्हणत नाही. चिनीबाहेरचा पुरावाही त्याच दिशेचा आहे. स्तानिस्लास दहान आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या ६३ प्रौढांचे मेंदू तपासले. काही निरक्षर, काही मोठेपणी शिकलेले, काही लहानपणापासून शाळेत गेलेले. वाचायला शिकल्याने मेंदूतल्या दृष्टीच्या भागांचं काम बदलतं, आणि मोठेपणी शिकलं तरी बदलतं, असं दिसलं. लहान मुलं अक्षर आरशातल्यासारखं उलटं काढतात, ते मेंदूच्या आधीच्या सवयीमुळे. चमचा डावीकडे तोंड करून ठेवला काय, उजवीकडे काय, चमचाच असतो. मेंदूला ती सवय असते. अक्षराला दिशा असते, ही गोष्ट अक्षरच शिकवतं.

आणि नजरेची कवायत करून वाचन सुधारतं का, हा प्रयोग जगाने एकदा करून पाहिलेला आहे. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात मारियान फ्रॉस्टिग यांची दृश्य आकलनाची चाचणी आणि तिच्याबरोबरचे सराव अमेरिकेत शाळाशाळांत पोहोचले. त्यांचा हेतू चांगलाच होता, अडलेल्या मुलांसाठी त्यांनी आयुष्य घातलं. पण १९७०च्या दशकात जेव्हा निष्कर्ष एकत्र करून तपासले, तेव्हा मुलं आकृत्यांत सुधारत होती, वाचनात नाही. २००९ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी मिळून स्पष्ट निवेदन काढलं, की शिकण्यातल्या अडचणी नजरेच्या व्यायामांनी दूर होतात याला आधार नाही. आता कुणी म्हणेल, तो इंग्रजीचा अनुभव, चिनी वेगळी आहे. मान्य. मग चिनी मुलांवर तसे प्रयोग करून, नुसत्या आकृत्यांनी वाचन सुधारतं हे दाखवून द्या आणि मग वर्ग विका. दाखवण्याची जबाबदारी पैसे घेणाऱ्याची आहे. सहा वर्षांच्या मुलाच्या आईने ती का उचलावी?

ज्या गोष्टीला खरा आधार आहे, ती स्वस्त आणि जुनी आहे: हाताने लिहिणं. तान ली-हाय आणि सहकाऱ्यांनी २००५ साली बीजिंगमधल्या मुलांवरचा जो अभ्यास छापला, त्याचं शीर्षकच असं, की चिनीत वाचन हे लेखनावर अवलंबून असतं. २०१३ मध्ये त्यांनी पाच हजारांहून अधिक मुलांच्या अभ्यासातून आणखी एक गोष्ट दाखवली. फिनयिनमधून टंकन करण्यात जास्त वेळ घालवणाऱ्या मुलांचं वाचन मागे होतं, हाताने लिहिणाऱ्यांचं पुढे. कळफलकावर उच्चार टाइप केला की यंत्र अक्षर पुढ्यात ठेवतं, हाताला रचना आठवावी लागत नाही. मोठ्यांचंही तेच झालंय. चिनीत म्हण पडली आहे, थी-पी वांग-त्झ, लेखणी उचलली आणि अक्षर विसरलं. लिहिताना हात ठरलेल्या क्रमाने तुकडे बसवत जातो, आधी डावा, मग उजवा, आधी वरचा, मग खालचा. आकार डोळ्यात जातो तो असा हाताच्या वाटेने. आपल्याकडे पाटीवर गिरवून घ्यायचे ते काही वेगळं नव्हतं. फक्त एक पथ्य पाळायला हवं. अर्थ न सांगता एकच अक्षर पन्नासदा लिहायला लावलं, तर तो हाताचा व्यायाम झाला. हाँगकाँगच्या बालवाड्यांत असं बरंच चालतं आणि ते थांबायला हवं.

आता मला जे सगळ्यात जास्त लागतं त्याकडे येते. हाँगकाँगच्या शाळांत भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी मुलं बरीच आहेत. सरकारी भाषेत ती ‘चिनी न बोलणारी’ मुलं. त्यांच्यासाठी २०१४-१५ पासून चिनी ही दुसरी भाषा म्हणून शिकवायचा वेगळा आराखडाही आहे. आमची मुलगी त्यांच्यातलीच. घरात मराठी, बाबांशी मराठी-इंग्रजी, शाळेत कॅन्टोनीज. ही मुलं अक्षरं फार सुंदर उतरवतात. कित्येकदा वर्गातल्या चिनी मुलांपेक्षा नीटनेटकी. शिक्षक म्हणतात, ही मुलं अक्षर लिहीत नाहीत, काढतात. चित्र काढावं तसं. डोळा उत्तम, हात उत्तम, आणि वाचन शून्य, कारण त्या अक्षरामागचा शब्दच कधी कानावर पडलेला नाही. लिपी नजरेची असती, तर या मुलांनी बाजी मारायला हवी होती.

त्याची उलट बाजूही मी घरी पाहिली. आमच्या इमारतीखाली बेकरी आहे. तिथे तिची ठरलेली खरेदी म्हणजे अंड्याचा टार्ट, दान-थात. त्यातलं दुसरं अक्षर पंधरा-सोळा रेघांचं, गच्च भरलेलं. शाळेत त्या वेळी कुणी शिकवलंही नव्हतं. ते तिला दुकानाच्या पाटीवर, खोक्यावर, दुसऱ्या गल्लीतल्या दुकानावर, कुठेही ओळखता यायचं. ‘आई, इथे पण थात आहे!’ आणि त्याच आठवड्यात तीन रेघांची अक्षरं तिच्या श्रुतलेखनात चुकायची. दृश्य स्मृतीची पट्टी लाल असलेली हीच मुलगी. जो शब्द जिभेवर होता, पोटात जात होता, त्याचं अक्षर डोळ्याने आपोआप धरलं. मग आम्ही उरलेल्या सोळा तासिका रद्द केल्या आणि शेजारच्या घरातल्या आजींकडे तिला संध्याकाळी पाठवायला लागलो. तिथे दोन नातवंडं, सतत चाललेला टीव्ही आणि अखंड कॅन्टोनीज.

मराठी वाचणाऱ्याला हे परकं वाटू नये. ‘भ’ आणि ‘म’ मध्ये फरक केवढा? डोक्यावरची रेघ जराशी तुटते, एवढाच. ‘घ’ आणि ‘ध’चंही तेच. पहिलीतलं मूल ‘आईने मात वाढला’ असं वाचतं, थांबतं, आणि स्वतःच म्हणतं, ‘भात, भात.’ त्याला कुणी सुधारलं? कानाने सुधारलं. मात वाढत नाहीत, भात वाढतात, हे त्याला माहीत होतं म्हणून डोळ्याची चूक पकडली गेली. ज्या मुलाच्या घरी मराठी बोलत नाहीत त्याला हा आधार नसतो. ते ‘मात’ वाचून पुढे जातं, आणि आपण म्हणतो, याला अक्षरं दिसत नाहीत वाटतं. चिनीतही उन्हाचं अक्षर बहुतेकदा ‘दिवस’ या अक्षराला जोडून येतं आणि बुबुळाचं ‘डोळा’ या अक्षराच्या मागून. शब्द येत असेल तर शेजारचं अक्षरच सांगतं, की पोटात एक रेघ हवी की दोन.

एक गोष्ट मला नेहमी आठवते. चीनमधली आणि हाँगकाँगमधली अंध मुलं ब्रेल वाचतात, आणि ते ब्रेल उच्चारांचं आहे. त्यात अक्षरांचे आकार नाहीत. ती अक्षरं वाचत नाहीत, हे खरं. पण बोटांखालून गोष्टी, धडे, कविता वाचतात त्या चिनीतच. लिपी कुठलीही असो, वाचली जाते ती भाषा.

माझं म्हणणं कुणी टोकाला नेऊ नये म्हणून सांगते. काही मुलांना आकार आणि जागा यांची अडचण खरोखर असते. त्यांना कागदावर रेघ कुठे सुरू करावी कळत नाही, चौकोनात अक्षर मावत नाही, फळ्यावरचं वहीत उतरवताना ओळ सुटते. अशा मुलाला ऑक्युपेशनल थेरपिस्टची मदत मिळायलाच हवी, त्यात कमीपणा नाही. बालवाडीच्या अगदी सुरुवातीला, पहिली शंभरेक अक्षरं शिकताना, नजरेचा वाटा मोठा असतो हेही मला पटतं. आणि डोळे तपासणं तर सगळ्यात आधी. चीनमध्ये २०१८च्या राष्ट्रीय पाहणीत ५३.६ टक्के मुलं-किशोर जवळच्या नजरेचे निघाले, सहा वर्षांच्या मुलांतसुद्धा १४.५ टक्के. ज्या मुलाला फळाच नीट दिसत नाही, त्याला चष्मा द्या. त्याची दृश्य स्मृती मोजत बसू नका. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं होतं ते.

धोरणाच्या पातळीवर चीनने एक पाऊल बरोबर उचललं आहे. बालवाडीची प्राथमिक शाळा करू नका, तिथे अक्षरं आणि फिनयिन घोकून घेऊ नका, असा आदेश २०१८ मध्ये निघाला, आणि १ जून २०२५ पासून लागू झालेल्या बालशिक्षण कायद्यात ती मनाईच झाली. मी तिच्या बाजूची आहे. पण आकृत्यांचा वर्ग हा अक्षरांचा वर्ग नसतो, म्हणून तो अशा मनाईच्या बाहेर राहतो, आणि आई-बापांची भीती तर कायद्याने जात नाही. अक्षरं नाहीत तर अक्षरांची ‘पूर्वतयारी’ करून घेऊ, असं म्हणत ती त्या दाराने आत येते. म्हणून अशा वर्गांच्या जाहिरातींत ‘वाचन सुधारेल’ हे शब्द वापरायचे असतील तर त्याचा पुरावा मागितला जावा, औषधाच्या बाटलीवरच्या दाव्याला मागतात तसा. बालवाडीत तोच वेळ गोष्टी ऐकण्याला, गाण्यांना, यमकांना, दुकानांच्या पाट्या वाचण्याला द्यावा. आणि पहिलीत अक्षर शिकवताना त्याचे तुकडे उलगडून दाखवावेत, पहिल्या दिवसापासून.

हाँगकाँगमध्ये पहिलीतल्या प्रत्येक मुलाकडे वर्गशिक्षक एका प्रश्नावलीच्या आधारे पाहतात, शिकण्यात अडचण आहे का हे वेळेत कळावं म्हणून. इथल्या एका अभ्यासात ९.७ टक्के मुलांत वाचनदोष आढळला होता, तेव्हा ही तपासणी हवीच. माझी मागणी एवढीच आहे, की अडचण दिसलेल्या मुलाला कुठल्याही आकृत्यांच्या वहीपुढे बसवण्याआधी शिक्षकाने त्याच्याजवळ बसून दहा मिनिटं कॅन्टोनीजमध्ये गप्पा माराव्यात. काल काय जेवलास, खाली कोण कोण खेळायला येतं, पाऊस पडला तर काय करता. ते मूल किती शब्द बोलतं, कुठे अडतं, कुठे हाताने खुणा करतं, ते कागदावर लिहावं. माझ्या मुलीच्या त्या रंगीत अहवालात बारा पानं होती. तिला कॅन्टोनीज किती येतं, हा प्रश्न त्यात कुठेही नव्हता.